एकही सामना न हरता भारत आशियाई चषकातून बाहेर कसा पडला?

एएफसी महिला आशियाई चषक २०२२ मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. १२ संघ, चार-चारचे तीन गट. साखळी फेरीत प्रत्येक संघ गटातल्या तिघांशी खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १.

पुढे कोण जाणार होतं?
प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम दोन, असे ८ संघ. यजमान भारताने उपांत्य फेरी गाठली असती, तर २०२३ च्या विश्वचषकाचं थेट तिकीट मिळालं असतं.

मग काय झालं?
‘अ’ गटात भारतासोबत चीन, चिनी तैपेई आणि इराण होते. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्ध ०-० बरोबरी झाली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता, पण संघात कोरोना पसरला. नियमानुसार किमान १३ खेळाडू लागत होते, तेवढे उरले नाहीत. सामना पुढे ढकलला गेला नाही; भारताने माघार घेतली असं मानण्यात आलं.

कमावलेल्या गुणाचं काय?
तोही गेला. भारताचे सगळे सामने रद्दबातल ठरले आणि गट तीन संघांचा झाला. तुलना समान व्हावी म्हणून इतर गटांतल्या तिसऱ्या संघांचेही चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले.

६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर चीनने दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवून चषक जिंकला. गुणतक्त्यात भारताच्या नावापुढे मात्र एकही सामना उरला नाही.