आंगऱ्यांची वाटणी

शास्त्री नदी समुद्रास मिळते तेथें जयगडचा किल्ला उभा आहे. त्याच्या उत्तरेस हर्णैजवळ सुवर्णदुर्ग, दक्षिणेस विजयदुर्ग. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या किनाऱ्यावर एकाच घराण्याची सत्ता होती. ती मोडली ती शत्रूच्या तोफांनीं, असें सामान्यतः समजलें जातें. आमच्या मतें तिला पहिला तडा वारशाच्या भांडणानें गेला. आपल्या इतिहासग्रंथांत लढायांना जेवढी जागा मिळते तेवढी वाटण्यांना मिळत नाहीं.

सरखेल कान्होजी आंगरे १७२९ सालीं वारले. मागें निरनिराळ्या मातांचे अनेक पुत्र, बळकट आरमार आणि किल्ल्यांची मालिका राहिली. परंतु सर्व भावांनीं निमूटपणें मानावी अशी पक्की व्यवस्था राहिली नव्हती, हें पुढील घटनांवरून उघड होतें. सेखोजी हयात होते तोंवर घर कसेंबसें एकत्र राहिलें. १७३३ सालीं तेही गेले, आणि संभाजी व मानाजी या भावांत उघड वैर सुरू झालें. मानाजीनें कुलाबा घेण्यासाठीं पोर्तुगीजांचें साहाय्य घेतलें. ज्यांच्याशीं बाप आयुष्यभर झुंजला, त्यांनाच मुलानें घरच्या तंट्यांत हाताशीं धरलें!

अखेर १७३५ सालीं बाजीराव पेशव्यांनीं मध्यस्थी केली. मानाजीस कुलाबा व ‘वजारतमाआब’ हा किताब, संभाजीस सुवर्णदुर्गाकडील दक्षिण भाग व ‘सरखेल’ हें पद. जयगड संभाजीच्या वांट्यास आला. या मध्यस्थींत पेशव्यांस राजमाची व कोथळा हे दोन किल्ले मिळाले, ही गोष्ट विसरतां कामा नये. घरचा तंटा बाहेरचा पंच तोडतो तेव्हां तो रिकाम्या हातीं परत जात नाहीं, आणि बाजीरावांसारखा मुत्सद्दी तर मुळींच नाहीं. सरखेली हें राजदत्त पद होतें, खाजगी मिळकत नव्हे, तेव्हां छत्रपतींच्या प्रधानानें त्यांत हात घातला तर दोष कोणता, असें कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पण भाऊ एकमतानें उभे असते तर पेशव्यांस तो हात इतक्या सहज घालतां आला नसता.

१७४२ सालीं संभाजी वारल्यावर दक्षिण भाग तुळाजीकडे आला. तो शूर खरा, पण पेशव्यांशीं त्याचें कधींच जमलें नाहीं. १७५५ सालीं पेशव्यांशीं संगनमत करून इंग्रजांनीं सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं आंगऱ्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजीस मरेपर्यंत कैद भोगावी लागली. जयगड पेशव्यांचा झाला आणि १८१८ सालीं तोही इंग्रजांकडे गेला.

कुलाब्याची शाखा वारसाअभावींच संपली. १८३८ सालीं रघोजी आंगरे वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला पुत्र १८३९ सालीं गेला. दत्तकाची विनंती कंपनी सरकारनें नाकारली, आणि १८४० सालीं संस्थान खालसा झालें.

आतां किल्ले नाहींत, आरमारें नाहींत. परंतु घरें आहेत. मिताक्षरेप्रमाणें अविभक्त कुटुंबांतील आपला हिस्सा मृत्युपत्रानें देण्याचा अधिकार हिंदु पुरुषास नव्हता. तो १९५६ च्या वारसा कायद्यानें मिळाला. महाराष्ट्रांत १९९४ च्या कायद्यानें अविवाहित मुलींस, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनें सर्वच मुलींस, मुलांप्रमाणें जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. दुरुस्तीच्या वेळीं पिता हयात नसला तरी हा हक्क बाधित होत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाहीं, नोंदणीचीही सक्ती नाहीं. करणाराची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या म्हणजे झालें. कान्होजींच्या दौलतीपुढें हें काम किती सोपें! तरीही कोकणांत कित्येक सातबाऱ्यांवर अजून पणजोबांचींच नांवें आहेत. वारस मुंबईस, पुण्यास, परदेशीं. आणि पावसाळ्यापूर्वीं गांवच्या घराची शाकारणी कोणीं करावयाची, याचा निकाल दरसाल पुढल्या सालावर जातो.