मेहकरची शीळ

एखादा कलावंत रूढ रीत सोडून जुन्या किंवा लोकांच्या तोंडच्या साध्या गाण्याकडे वळतो, तेव्हां रसिकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही माघार आहे. दुसरा म्हणतो, हें घरीं परतणें आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें १९८१ सालीं निघालेला 'डेड कॅन डान्स' हा वाद्यवृंद आरंभीं विजेच्या वाद्यांवर काळोखें, उदास संगीत वाजवीत असे. १९९० च्या 'एऑन' या संग्रहांत तोच वृंद युरोपांतील मध्ययुगीन व रेनेसान्सकालीन सुरांकडे वळला. परंतु हा प्रश्न केवळ दूरदेशींचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरच्या एका कवीच्या निमित्तानें तो आमच्या घरीं त्याच्या अर्धशतकाहून अधिक काळ आधीं उपस्थित झाला होता.

त्या वेळची संगीताची स्थिति प्रथम पाहूं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें, तेव्हां त्यांतील साकी-दिंडी कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्यांस परिचयाच्याच होत्या. पुढें 'मानापमाना'स (१९११) गोविंदराव टेंबे यांनीं आणि 'स्वयंवरा'स (१९१६) भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, आणि ख्याल-ठुमरीचें वैभव नाटकांत आलें. हें वैभव खरें होतें. तें नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाहीं. पण त्याची किंमत शब्दाला द्यावी लागली. गायकाची तान संपेपर्यंत पदाच्या अर्थाला दाराशीं तिष्ठत उभें राहावें लागे.

अशा काळांत, १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, जी. एन. जोशी यांनीं ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता ध्वनिमुद्रिकेवर गाइली. मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जाणकार याच मुद्रिकेपासून धरतात. तिच्यांत राजा नाहीं, नायिका नाहीं, नाटकाचा प्रसंगही नाहीं. रान आहे, शीळ आहे, आणि ती ऐकणाऱ्या स्त्रीच्या मनाची ओढ आहे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें वाजे. एवढ्याशा वेळांत विस्ताराला जागा थोडी. चालीला शब्दाच्या बोटाला धरूनच चालणें भाग होतें. यंत्राची मर्यादा येथें साध्या गाण्याच्या उपयोगीं पडली. शिवाय, १९२३ सालीं स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनीं काव्यगायनाच्या द्वारें सुशिक्षित श्रोत्यांचा कान आधींच तयार केला होता.

आतां मुख्य आक्षेप. हें लोकगीत नव्हे, असें कोणी म्हणेल, आणि तें बरोबर आहे. पहांटे जात्यावर ओवी म्हणणारी वऱ्हाडांतील स्त्री निनावी असे. तिचें गाणें दळणाबरोबर सुरू होई व दळणाबरोबर थांबे. तें ऐकविण्यासाठीं नव्हतें, श्रम हलके करण्यासाठीं होतें. उलट 'शीळ' एका शिकलेल्या कवीनें लिहिली, ती दुसऱ्या शिकलेल्या गृहस्थानें गाइली, आणि दिवाणखान्यांत बसून लोकांनीं ती ऐकली. ओवी रचणारणीला त्यांतून कांहीं मिळालें नाहीं, हा दोष आम्ही झांकणार नाहीं.

तरीही आमचें मत 'शीळे'च्या बाजूचें आहे. ना. घं.नीं ओवीची नक्कल केली नाहीं. थोडक्यांत बोलावें, दुःख मिरवूं नये, आणि रानावनाला आपलें मन सांगावें, हें त्या गाण्याचें शील तेवढें त्यांनीं घेतलें. नक्कल केवळ जुनें वस्त्र अंगावर घालते. शील घेतलें म्हणजे नवें गाणें जन्मास येतें. माघार आणि घरीं परतणें यांतील भेद आम्हांस येथें दिसतो.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. जोशी पुढें ग्रामोफोन कंपनींतच ध्वनिमुद्रणाच्या कामास लागले. ना. घ. (१९०९–२०००) मात्र पैनगंगेच्या कांठच्या मेहकरचेच राहिले. त्यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ सालीं निघाला, म्हणजे महाराष्ट्रानें हा कवि आधीं कानांनीं ओळखला आणि डोळ्यांनीं मागाहून वाचला. 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पिठाच्या गिरण्या आल्या, आणि घरोघरचीं जातीं आतां मुकीं झालीं आहेत. 'शीळ' तबकडीवर उरली. आजीच्या ओव्या मात्र आजीच्या स्मरणांतच आहेत. ज्या घरांत अशी आजी अद्याप आहे, त्या घरच्या मंडळींनीं एखाद्या सायंकाळीं तिच्याजवळ वही घेऊन बसावें. आम्हीं जिचें देणें मान्य केलें, तिचें ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.