गंगाराम तांबट आणि वेरुळचीं चित्रें

पुण्याच्या शनिवारवाड्यांत एके काळीं चित्रकलेचा वर्ग भरत असे, ही गोष्ट पुणेकरांपैकींही फार थोड्यांस ठाऊक आहे. सवाई माधवरावांच्या दरबारीं चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या खटपटीनें वाड्यांत जागा मिळाली व १७९१ सालीं मुंबईस आलेला स्कॉच चित्रकार जेम्स वेल्स पुढें तेथें शिकवूं लागला. या मंडळींत गंगाराम चिंतामण नवगिरे हा धंद्यानें तांबट असलेला पुणेकर उठून दिसतो.

तांबटाचा धंदा हातोडीचा खरा. पण घागरीची गोलाई, गळा आणि कांठ हीं पत्र्यावर पहिला ठोका पडण्यापूर्वींच त्याच्या डोळ्यांपुढें असावीं लागतात. पाणी आणणाऱ्या बाईच्या कमरेवर ती नीट बसली पाहिजे, ओततांना हातांतून निसटतां कामा नये. असा कारागीर वस्तूकडे पाहतो तो ती वापरणाऱ्याच्या बाजूनें. गंगारामाच्या हातांत कुंचला आला तरी ही नजर गेली नाहीं, असें म्हणण्यास हरकत नसावी. १७९० च्या नोव्हेंबरांत त्यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा काढला. दक्षिणेचा समारंभ आटोपल्यावरची पर्वतीही त्यानें चितारली आहे. दक्षिणेवर किती खर्च झाला तें दप्तरांत सांपडतें. पण त्या टेकडीचें रूप सांगावयास दप्तर काय कामाचें?

१७९३ मध्यें मॅलेटनें त्यास वेरुळास पाठविलें. कैलास लेणें हें चितारणाऱ्याची परीक्षा पाहणारें स्थळ. सुमारें १०० फूट उंचीचें हें देवालय डोंगर वरून खालीं खोदीत निर्माण केलेलें. गवंड्याची चूक दगड बदलून सुधारतां येते, येथें एकदां निघालेली कपची परत बसत नाहीं. चौकांत उभें राहिलें तर शिखर अंगावर येतें, कड्यावर चढलें तर खालचे हत्ती खेळण्याएवढे होतात. मग काढावयाचें कोठून? छायाचित्राची कला निघण्यास अजून जवळ जवळ अर्धें शतक होतें. तेव्हां कारागिरांच्या त्या अचाट कृतीपुढें दुसरा कारागीर कागद घेऊन बसला, हाच काय तो उपाय.

हीं चित्रें मॅलेटच्या लेखाबरोबर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडांत १७९९ सालीं प्रसिद्ध झालीं. वेरूळ कधींही न पाहिलेल्या माणसास कैलासाची ओळख झाली ती अशी. पुढें वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनें १८०३ सालीं भव्य चित्रें छापलीं. त्या वैभवापुढें तांबटाचें नांव मागें पडलें, आणि तें पडूं देण्यांत आपलाही वांटा कमी नाहीं.

१७९५ सालीं वेल्स वारला, त्याच वर्षीं सवाई माधवरावही गेले. वाड्यांतला वर्ग मग चालला नाहीं. मॅलेटनें पुणें सोडतांना चित्रें विलायतेस नेलीं. त्यांतील बरींचशीं आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहेत. पर्वतीही तेथेंच आहे आणि गेंडाही.