नांदवत नाही, सोडतही नाही

‘सोडलेली’ आणि ‘टाकलेली’ हे मराठीतले दोन शब्द वरवर सारखे वाटतात, पण त्यांच्यात एका कागदाचे अंतर आहे. सोडलेल्या बाईच्या हाती सोडचिठ्ठी असते, म्हणजे फारकत झालेली असते, आणि तिला पुन्हा पाट लावता येतो. टाकलेली माहेरी बसते; नवरा नांदवत नाही आणि सोडतही नाही. नवऱ्याने टाकल्यावर घटस्फोट मागण्याचा हक्क ही आधुनिक काळाची देणगी आहे, असे आपण सहज धरून चालतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. कष्टकरी जातींतल्या बाईला ही वाट पूर्वीपासून होती. इंग्रजी न्यायालयांनी ती अडवली आणि स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती फार उशिरा, फार सावकाश पुन्हा उघडली. इंदूर–उज्जैन रस्त्यावरच्या सांवेरच्या परिसरातून पाहिले की हा क्रम स्पष्ट होतो.

सांवेर हा होळकरांचा मुलूख. माळव्यातल्या अनेक शेतकरी आणि कष्टकरी जातींत ‘नातरा’ रूढ होता: विधवेने किंवा नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईने दुसरे घर करायचे आणि नव्या नवऱ्याकडच्यांनी पहिल्याला भरपाई द्यायची. तिला ‘झगडा’ म्हणत. मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन मेयर यांनी 1950च्या दशकात शेजारच्या देवास भागातल्या एका खेड्याचा अभ्यास केला, तेव्हाही नातरा चालू होता. दख्खनमध्ये त्याचेच भाऊबंद म्हणजे पाट आणि काडीमोड. पंचांसमोर एक काडी मोडायची. तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही, पण तेवढ्याने साऱ्या गावाला कळायचे की हे लग्न संपले. मराठी राज्यात पाटावर ‘पाटदाम’ नावाचा करही घेत. सरकार ज्यावर कर घेते, ती गोष्ट चोरीछुपे चालणारी नसते.

यावर आक्षेप येईल की पंच पुरुष होते, झगड्याची रक्कम पुरुषांच्याच हाती फिरे आणि बाईची किंमत जनावरासारखी ठरे. आक्षेप खरा आहे, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ‘हे लग्न संपले’ असे चारचौघांत म्हणण्याची सोय तिथे होती. वरच्या जातींत तेवढीही नव्हती. पराशरस्मृतीत पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या पाच आपत्ती सांगितल्या आहेत आणि त्यांत पहिला नवरा बेपत्ता होण्याचा प्रसंग येतो, मृत्यू त्यानंतर. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी याच वचनाचा आधार घेतला. 1856च्या कायद्यात मात्र फक्त मेलेल्या नवऱ्याची बायको आली. निघून गेलेल्याची तशीच वाट पाहत राहिली.

जिथे वाट होती, तिथे मुंबईच्या हायकोर्टाने ती अडवली. नवऱ्याच्या संमतीवाचून बाईला दुसरे लग्न करू देणारी जातीची रूढी कोर्टाने 1864 साली अनीतिमान ठरवली. लग्न मोडण्याचा अधिकार जातीला नाही, असे 1876च्या निकालाने सांगितले. पंचांच्या परवानगीवर भरवसा ठेवून केलेले दुसरे लग्न गुन्हा ठरू लागले. सांवेर संस्थानी हद्दीत असल्यामुळे तिथे हे निकाल थेट लागू नव्हते. इकडे हिंदू पुरुषाला एकीवर दुसरी बायको करण्याची मोकळीक होतीच, म्हणून त्याला घटस्फोटाची गरज कधी पडली नाही. बायकोला माहेरी धाडले की काम भागे. उलट नांदायला न जाणाऱ्या रखमाबाईंना 1887 साली मुंबईच्या कोर्टाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे बजावले. बायकोला ओढून आणायला कायदा होता, पण टाकलेलीला मोकळे करायला नव्हता.

अडवलेली वाट तुकड्यातुकड्याने उघडली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. 1939च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला, नवरा चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे पोसत नसेल, तर कोर्टाकडून लग्न मोडून घेता येऊ लागले. मुंबई प्रांताने 1947 साली सलग चार वर्षांचा परित्याग हे घटस्फोटाचे कारण मानले. सांवेरला त्याचा उपयोग नव्हता. देशभरचा हिंदू विवाह कायदा 1955 साली आला, पण परित्यागावर त्यात फक्त न्यायिक विभक्ततेची सोय होती. आधी दोन वर्षे टाकलेले असायचे, मग दावा लढायचा, हुकूम मिळाल्यावर आणखी दोन वर्षे थांबायचे आणि मग घटस्फोट मागायचा. दोन वर्षांच्या परित्यागावर सरळ घटस्फोट 1976च्या दुरुस्तीने मिळाला. घटस्फोट सोपा केला की घरे मोडतात, ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे. पण परित्यागात घर आधीच मोडलेले असते. कोर्ट फक्त त्यावर तारीख घालते.

ती तारीख सिद्ध करणे हेच अवघड. सुप्रीम कोर्टाने 1956 सालीच स्पष्ट केले की घर सोडले एवढे पुरत नाही. कायमचे सोडण्याचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो. मारहाणीचा वळ दाखवता येतो, पण न येणाऱ्या माणसाचा पुरावा काय दाखवणार? ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परतलेले रजिस्टर पाकीट, एवढाच कागद पुष्कळदा हाती असतो. पोटगी आहे ना, असे म्हणणाऱ्यांनी इंदूरच्याच शाहबानो प्रकरणाचे आकडे आठवावेत. घराबाहेर काढलेल्या या वृद्ध स्त्रीला खालच्या कोर्टाने महिना 25 रुपये मंजूर केले, आणि हायकोर्टाने 1980 साली त्याचे 179 रुपये 20 पैसे केले. पोटगीने पोट तरी भरते का हा प्रश्नच आहे. मोकळीक तर त्यातून मिळतच नाही. संगमनेरच्या अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात परित्यक्तांचा लढा उभारला, तोही या बाईला समाजात स्वतःचे स्थान मिळावे म्हणून.

2003च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज करता येतो. सांवेरला माहेरी बसलेल्या बाईला आता नवऱ्याच्या गावाचे कोर्ट शोधत हिंडावे लागत नाही. पंचांसमोर एक काडी मोडून जे होत असे, त्यासाठी तिला आज दोन वर्षांचा हिशेब आणि वकील लागतो. पण नाव तिचे, अर्ज तिचा, आणि झगड्याची रक्कम कोणाला द्यावी लागत नाही.