हरवलेल्या तारखांची गोष्ट

दिवाळी जवळ आली की घरोघरी पंचांग उघडले जाते. एखाद्या वर्षी तिथीचा क्षय होतो व नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येते. एखाद्या वर्षी अधिक मासामुळे सण लांबतो. आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. परंतु एकदा युरोपात एकदम दहा तारखांचा क्षय झाला, त्याची हकीकत मात्र मोठी नवलाची आहे.

स्पेनमधील प्रसिद्ध संत तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री निवर्तली. रात्र सरली आणि उजाडली ती १५ ऑक्टोबर! तिचा स्मृतिदिन आजही १५ तारखेसच पाळतात.

असे का व्हावे? ज्यूलियस सीझरच्या कालगणनेत वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ही मिनिटे शतकानुशतके साचत गेली आणि २१ मार्चचा वसंतसंपात ११ मार्चला येऊ लागला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा तारखा गाळल्या आणि नियम केला की, शतकाच्या वर्षास ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणूनच १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हती. २००० साली होती.

गणित चोख होते. पण ते पोपकडून आलेले! इंग्लंडसारख्या प्रॉटेस्टंट देशांना ते कसे रुचावे? मग एकाच युरोपात दोन तारखा नांदू लागल्या. गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे आपण ऐकत आलो. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, हे खरे. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, हेही खरे. मात्र पहिली तारीख इटलीची आणि दुसरी इंग्लंडची! इटलीच्या हिशेबाने न्यूटन जन्मला ४ जानेवारी १६४३ रोजी.

स्वीडनची तर आणखीच गंमत. १७०० पासून एकेक लीप दिवस गाळून हळूहळू नव्या गणनेत शिरायचे, असे तेथे ठरले. पहिला दिवस गाळला, पुढचे गाळायचे राहूनच गेले. धड ना जुने, धड ना नवे, अशी गत झाली. शेवटी जुन्या गणनेकडे परतण्यासाठी १७१२ साली त्यांनी चक्क ३० फेब्रुवारी साजरी केली! त्या दिवशी जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस पुन्हा कधी आलाच नसेल.

इंग्लंडने १७० वर्षांनी हट्ट सोडला. २ सप्टेंबर १७५२ नंतर तेथे एकदम १४ सप्टेंबर उजाडली. तोवर दहा दिवसांचे अकरा झाले होते. रशिया १९१८ पर्यंत थांबला, तेव्हा अंतर तेरा दिवसांवर गेले होते. म्हणून तर १९१७ ची 'ऑक्टोबर क्रांती' नव्या गणनेप्रमाणे ७ नोव्हेंबरला पडते.

दहाचे अकरा, अकराचे तेरा! सावकाराचे व्याज चढावे तसे हे दिवस चढत गेले. शहाणपण न पटणाऱ्याच्या दारातून आले, एवढ्याच कारणाने ते परत धाडले की हिशेब असा वाढतो. आणि माणसे तारखांवरून भांडत असताना सूर्य मात्र आपल्या वेळेवर उगवतच होता.