शुभ्रतेचा वायु

ब्लीचिंग पावडरीच्या वासानें ज्यांस धाप लागते अशीं माणसें पुष्कळ घरांत असतात. आणि त्यांस नाजुकपणाचा दोष देणारेहि थोडे नाहींत. वस्तुतः स्वीडनमधील शेले यानें १७७४ सालीं क्लोरीन प्रथम वेगळा केला, तेव्हांच तो जीव गुदमरवितो हें त्यानें नमूद केलें होतें. तरी १७८५ सालीं बर्थोले यानें कापड शुभ्र करण्याकडे त्याचा उपयोग केला, व १७९९ सालीं टेनंट यानें तो चुन्यांत मुरवून त्याची भुकटी बनविली.

धुण्याच्या सोड्याची कथा याहून दारुण आहे. लब्लांकच्या १७९१ च्या कृतीनें मिठापासून सोडा निघे, परंतु त्यासवें निघणारा अम्लवायु धुराड्यांवाटे बाहेर पडे. इंग्लंडांत सेंट हेलन्सच्या आसपासचीं झाडें त्यानें वाळलीं. अखेर १८६३ सालीं पार्लमेंटनें कायद्यानें शेंकडा ९५ भाग वायु अडविण्यास लाविलें. गंमत ही कीं, अडविलेल्या त्या अम्लापासूनच पुढें ब्लीचिंग पावडर होऊं लागली, आणि ती पिंपांत भरणारे मजूर तोंडावर फ्लॅनेलच्या घड्या बांधून राबत!

हीं द्रव्यें आमच्याकडे येण्यापूर्वीं आज्या पितळेस चिंच व राख लावीत, रेशमास रिठा. तें अडाणीपण नव्हतें. चिंचेचें अम्ल धातूवरील काळिमा विरघळवितें, राखेंत पोटॅशचा क्षार असतो, रिठ्यांत फेंसाचें द्रव्य. रोगजंतु मारण्यांत मात्र रिठा ब्लीचिंगची बरोबरी करीत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. पण दोन्ही पक्षांचे उपाय एकाच मोरींत एकदम करूं नयेत: ब्लीचिंगवर अम्ल पडलें कीं शेलेचा तो वायु पुन्हा मोकळा होतो, मग तें अम्ल बाटलींतलें असो कीं चिंचेचें.