बांध कोणाचा?

श्रोतेहो, खेड्यातल्या माणसाला कोर्टाची पायरी चढायला लावणाऱ्या गोष्टींत बांधाचा मान फार वरचा आहे. हातभर जमिनीपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात. मग कोणीतरी पेटीतून आजोबांच्या वेळचे खरेदीखत काढतो आणि म्हणतो, "आता कागदच काय ते सांगेल." पण कागद एकटा कधीच सांगत नाही. त्याला साक्षीदार लागतात.

जुने दस्त बहुधा मोडीत असतात. त्यांत जमिनीची ओळख चतुःसीमेने दिलेली असते : पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गावची शीव, उत्तरेस पाणंद. ही रीत फार जुनी. शिलाहारांच्या ताम्रपटांतही दान दिलेल्या भूमीच्या चारी बाजूंचे 'आघाट' सांगितलेले आढळतात. क्षेत्र लिहिलेले असते ते बिघ्यात. वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. शिवशाहीत काठी पाच हात पाच मुठींची ठरवली होती; पण काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. म्हणून दस्तातला आकडा आणि दस्तातली खूण यांचा मेळ बसला नाही, तर सामान्यतः खुणेला अधिक मान देतात. आकडा लिहिणारा चुकू शकतो. विहीर काही जागची हलत नाही.

पण खूणच नाहीशी झाली तर? पूर्वी अशा वेळी गोतसभा बसे आणि शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष निर्णायक मानीत. शीव राखणे हे त्याचे कामच होते. कधी दिव्य करावे लागे; शिवेची माती डोक्यावर घेऊन हद्द चालून दाखवावी लागे. ठरल्या मुदतीत त्याच्या घरावर काही आपत्ती आली, तर त्याची साक्ष खोटी! इतरांच्या जमिनींचा निवाडा ज्याच्या शब्दावर होई, त्याच्या स्वतःच्या वाट्याला मात्र चाकरीच्या वतनाचा तुकडा येई. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. जमिनीच्या इतिहासातली ही बाजू विसरून चालणार नाही.

इंग्रजी अमलात माणसाच्या आठवणीची जागा दगडाने आणि साखळीने घेतली. प्रिंगल यांची पुण्याकडील पहिली पाहणी फसली. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून नवे काम सुरू केले. शेताशेताला सर्व्हे नंबर पडले, हद्दीवर दगड रोवले गेले. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळीभर लांब नि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. शेतातून एक सरळ रेषा धरायची, तिच्यापासून काटकोनात बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत अंतर मोजायचे आणि ते टिपणात लिहायचे.

आजही तंटा आला की मोजणीदार हे टिपण काढतो. प्रथम तो वादात नसलेले दोन जुने दगड शोधतो. त्यांच्यातले अंतर टिपणाशी जुळले, की त्यांवरून तिसऱ्याची जागा काढतो. तिथे खणले, तर कित्येकदा नांगरटीच्या थराखाली तो दगड सापडतोही! शेजाऱ्याचा दस्त, पोटहिश्श्यांची फाळणी, जुनी वहिवाट, सारे तो ताडून बघतो. एका शेताची हद्द म्हणजे शेजारच्या शेताचीही हद्द, तेव्हा एकाचाच कागद वाचून कसे भागेल? शिवाय नवी हद्द आखणे हे त्याचे काम नव्हेच. पूर्वी ठरलेली हद्द पुन्हा दाखवायची, एवढाच त्याचा अधिकार.

आता उपग्रहांच्या मदतीने मोजणारी यंत्रे शेतात आली आहेत. ती एखादा बिंदू फार नेमका दाखवतात. परंतु तो बिंदू कोणाच्या हद्दीचा, हे जुन्या टिपणावरून आणि दगडावरूनच ठरवावे लागते. तेव्हा, मंडळी, बांधावरचा जुना दगड नांगराला अडतो म्हणून उपटून टाकू नका. उद्या तुमच्या नातवाच्या बाजूने बोलणारा साक्षीदार कदाचित तोच असेल.